पालिओनेरीची शिरगणती

पालिओनेरीला जायचा रस्ता हॉस्टेलच्या इस्त्रीच्या खोलीतून जात असे. दाराच्या फटीशी ओला टॉवेल गुंडाळून ठेवला, खिडकीच्या चिकटपट्ट्या एकदा अंगठ्याने दाबून पाहिल्या आणि बाहेरचा भोंगा थांबला, की स्तामातिया भिंतीला पाठ लावून बसायची, पाय लांब करायची आणि म्हणायची, "हं. कुठे होतो आपण?"

"शाळेपाशी," नूरुन्निसा सांगायची. "शाळेच्या पायऱ्यांवर. सात पायऱ्या."

"सहा. सातवी पावसाने नेली."

नूरुन्निसा मांडीवरच्या कागदावरची एक पायरी खोडायची, आणि दोघी पुढे निघायच्या.

एक्क्याण्णवचा जानेवारी होता, आखातात लढाई पेटली होती, इराकची क्षेपणास्त्रं सौदीवर येत होती. सौदीच्या किनाऱ्यावरच्या रास तनुराच्या तेलाच्या टाक्या हॉस्टेलच्या गच्चीवरून दिसत, आणि त्या टाक्या दिसतात म्हणूनच इथे भोंगे जास्त वाजतात असं सगळ्या जणी म्हणत. हॉस्पिटल लहान होतं, एका खासगी मालकाचं. त्याच्या हॉस्टेलात बावीस बायका राहत, आणि भोंगा वाजला की त्यांनी तळमजल्याच्या तीन खोल्यांत विभागून बसायचं असं ठरलं होतं. इस्त्रीची खोली सगळ्यात अरुंद. तिच्यात फक्त दोघी मावत. एक नूरुन्निसा परकार, रत्नागिरीकडच्या आंबेखोल गावची, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासणारी. दुसरी ऑपरेशन थिएटरची जुनी नर्स स्तामातिया, ग्रीसच्या डोंगरातल्या पालिओनेरी गावची, वयाने तिच्याहून वीस वर्षांनी मोठी. दोघींचं बोलणं हॉस्पिटलच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. नूरुन्निसा तिला आपा म्हणे, म्हणजे थोरली बहीण. स्तामातियाने कधी त्याचा अर्थ विचारला नाही. स्तामातिया म्हणायला अवघड जातं, म्हणून या मुलीने नाव आखूड केलं असेल, असं तिला वाटे.

कागद प्रयोगशाळेतला होता, बारीक चौकटींचा, आलेख काढायचा. पहिल्या दिवशी नूरुन्निसाने तो फक्त हातात काही असावं म्हणून घेतला होता. हाताला काम असलं की तिचं मन जागेवर राही. स्तामातिया गावाचं बोलत होती, तर तिने एक चौकट म्हणजे दहा पावलं धरलं आणि गाव काढायला लागली.

गाव चढणीवर होतं. खाली वळणावर बस थांबायची, तिथून एकशे दहा पावलांवर झरा. झऱ्याला दगडाची तीन तोंडं, मधल्या तोंडाचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा दात वाजतील इतकं गार. झऱ्यावर वडासारखं पसरलेलं एक जुनं झाड. त्याला ते प्लातानोस म्हणत, आणि त्याच्या पोकळ खोडात एकेकाळी चांभार बसायचा. झाडासमोर कॉफीचं दुकान, गावातला एकमेव फोन तिथेच. मग देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, आणि चर्चच्या मागे घरं, एकाच्या छपरावरून दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकता येईल अशी. अक्रोडाची झाडं. शेळ्या. धुकं.

इस्त्रीच्या खोलीत बाष्पाचा आणि खळीचा वास असे. पण तिसऱ्या-चौथ्या भोंग्यानंतर नूरुन्निसाला तिथे ओल्या दगडाचा वास यायला लागला. भिंतीपलीकडच्या फ्रीजची घरघर झऱ्यासारखी ऐकू यायची. एकदा तर वर कुठे तरी धडाड झालं, काच थरथरली, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता चर्चशेजारचा म्हातारा फोतिस कोंबड्या आत घ्यायला धावेल.

*

स्तामातियाला घाई होती, आणि ती कशाची, हे नूरुन्निसाला फेब्रुवारीच्या सुरुवातीला कळलं. गावच्या अध्यक्षाचं पत्र आलं होतं. पालिओनेरीची स्वतःची पंचायत होती. अध्यक्ष, शिक्का, एक कपाट. डोंगराखालच्या सपाटीवर काम्बोहोरी नावाचं मोठं गाव होतं, तिथे नगरपालिका. आजूबाजूच्या सहा गावांपैकी पाच गावं त्या नगरपालिकेत आधीच मिळाली होती. एका गावाची बस बंद झाली, एकाची शाळा, एकाच्या चर्चची घंटा दुरुस्तीला म्हणून खाली नेली ती आलीच नाही. पालिओनेरीचा तर झरा होता. काम्बोहोरीने नळाचा नकाशा काढूनसुद्धा ठेवला होता.

"सतरा मार्चला शिरगणती आहे," स्तामातियाने पत्रावरून नजर न काढता सांगितलं. "सगळ्या देशात, एकाच दिवशी. त्या दिवशी ज्या घरात असशील, त्या घरात तुला मोजणार. जिल्ह्याच्या कारकुनाने अध्यक्षाला सांगितलंय, पन्नास भरले तर पंचायत राहील. एकोणपन्नास भरले तर वही, शिक्का, सगळं खाली."

"आणि आहेत किती?"

"एकोणपन्नास." स्तामातिया हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, हसताना ती त्यांच्यावर ओठ ओढून घ्यायची. "पन्नासावी मी."

असं सगळ्याच गावांत चालतं, ती म्हणाली. शिरगणतीच्या आदल्या दिवशी अथेन्समधल्या बसगाड्या भरून निघतात. दहा-दहा वर्षं गावाकडे न फिरकलेली माणसं पलंगावरची चादर झटकतात, चूल पेटवतात आणि कारकून येईपर्यंत दारात बसून राहतात. धुराडं चालू दिसलं पाहिजे. "आमच्या गावाला मतं नकोत, देणगी नको. एक दिवस अंग नेऊन दाखवायचं, बस."

पत्राबरोबर अध्यक्षाने यादीही पाठवली होती, घरवार. तिने हे गंभीरपणे घ्यावं म्हणून. स्तामातियाने ती वाचून दाखवली आणि नूरुन्निसाने नकाशावर प्रत्येक घरात तितके ठिपके दिले. घर एक, तीन. घर दोन, दोन. घर सात, एक. घर बारा, चार. ठिपके देताना तिला बरं वाटलं. रिकाम्या नकाशात माणसं आली.

रजा मात्र सगळ्यांच्याच बंद होत्या. ऑगस्टपासून सगळ्यांचे पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या तिजोरीत होते, आणि ऑफिसात बसायचा तो सावंतवाडीचा बाळकृष्ण नाईक.

"परकारबाई, मी काय सांगू," तो म्हणाला. "इथे वर विमानं उडतायत ती काय आपल्याला घरी सोडायला? लढाई संपू दे. पहिला कागद तुमच्या आपांचा टाकतो."

"लिहून देता?"

"मी कोकणातला माणूस. आम्ही लिहून देत नाही, म्हणून तर खोटे पडत नाही."

*

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी लढाई थांबली. भोंगे बंद झाले, चिकटपट्ट्या निघाल्या, त्यांचा डिंक मात्र काचेवर राहिला. पण त्याच सुमारास कुवेतकडून धूर यायला लागला. तिकडे तेलाच्या विहिरी जळत होत्या. वारा उत्तरेचा असला की सकाळी अकराला आकाश तांबूस व्हायचं, बाराला तपकिरी, आणि एक वाजता रस्त्यावरच्या मोटारी दिवे लावून जायच्या. दोरीवरचे पांढरे एप्रन वाळेपर्यंत राखाडी होत. किनाऱ्यावर काळे पडलेले पक्षी सापडत होते असं म्हणत. भरदुपारी कोंबडा आरवल्याचा भास व्हायचा, आणि मग लक्षात यायचं, इथे कोंबडा नाहीच, तो पालिओनेरीचा.

त्या अंधाऱ्या दुपारींमध्ये नूरुन्निसा सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याजवळ बसून असे. पेशी मोजायचं यंत्र डिसेंबरपासून बंद होतं, त्याची रसायनं येत नव्हती. म्हणून ती जुन्या पद्धतीने मोजायची. काचेच्या पट्टीवर कोरलेल्या बारीक चौकटी, त्यांत पसरलेलं पातळ केलेलं रक्त, आणि डाव्या हातात दाबलं की टक् वाजणारं मोजणीचं बटण. या मोजणीत एक नियम असतो. पेशी काही चौकटीच्या मधोमध बसत नाहीत, कितीतरी नेमक्या रेषेवर पडतात. त्या शेजारच्या चौकटीतही मोजल्या गेल्या तर आकडा फुगतो, कुठेच मोजल्या नाहीत तर घटतो. म्हणून ठरवून घ्यायचं, की वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या आत, खालच्या आणि उजव्या रेषेवरच्या बाहेर. शिकवताना मुंबईच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या होत्या, यात कुणावर अन्याय नाही, फक्त प्रत्येकीला एकदाच मोजायचं आहे.

इफराचं पत्र त्याच आठवड्यात आलं. नूरुन्निसाची मुलगी, दहा वर्षांची, आंबेखोलला वडिलांजवळ राहायची. हुसेनमियाँची पाठ बोटीवरच्या कामाने गेली होती, म्हणून घरी तो होता आणि सौदीला ती.

'अम्मी,' इफराने लिहिलं होतं, 'शिरगणतीवाले गुरुजी आले होते. अब्बांनी सगळ्यांची नावं सांगितली. तुझं दुसरं सांगितलं. गुरुजींनी लिहिलं. मग विचारलं, इथेच असतात ना? अब्बा म्हणाले सौदीला असते. मग गुरुजींनी तुझं नाव खोडलं. पट्टी ठेवून खोडलं, म्हणून वाईट नाही दिसत. आपल्या वाडीत गुरुजींची पट्टी दिवसभर हातातच होती. तुला तिकडे मोजलं का?'

नूरुन्निसाने पत्र घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं. मग परत काढून घडी नीट केली, कडेला कड लावून. तिला वाईट वाटलं नाही. फक्त पट्टी ठेवून मारलेली ती रेघ दिवसभर डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी बाळकृष्णने कागद नाचवत निरोप आणला. चौदा मार्चचं विमान. "आपांना म्हणावं, नाईक शब्दाला जागला. आणि येताना त्या झऱ्याचं पाणी आणा म्हणावं. इथलं पाणी पिऊन माझे केस जातायत."

"तुमचे केस पाण्याच्या आधीच गेले होते, बाळकृष्णभाऊ."

"तुम्ही तपासून सांगताय की अंदाजाने?"

स्तामातियाने त्या दिवशी कपाटातून पेटी काढली आणि पलंगावर उघडी ठेवली. तिचे उपवास चालू होते, ईस्टरच्या आधीचे, मांस-दूध वर्ज्य. तरी तिने नूरुन्निसाला चहात दूध दुप्पट घालून दिलं. आनंद कुणाच्या तरी पोटात गेला पाहिजे, म्हणाली.

*

चूक नूरुन्निसाला आठ तारखेला सापडली. खरं तर ती शोधत नव्हती. कोणताही आकडा तीनदा मोजल्याशिवाय ती कागदावर चढवत नसे. पालिओनेरीचे एकोणपन्नास ठिपके तिने दोनदाच मोजले होते, आणि ते तिला आतून टोचत होतं. दुपारच्या तपकिरी अंधारात, दिवा लावून, तिने नकाशा पसरला आणि या वेळी ठिपके न मोजता माणसं मोजली. प्रत्येक घराशी थांबून स्तामातियाने सांगितलेली नावं आठवली.

घर सात, चर्चशेजारी. म्हातारा फोतिस, त्याच्या कोंबड्या. एक.

घर बारा. फोतिसची मुलगी वासो, तिचा नवरा, त्यांचा मुलगा. तीन. ठिपके चार.

चौथा कोण? ती डोळे मिटून त्या घरात शिरली. भोंगा वाजत होता तेव्हा स्तामातिया काय म्हणाली होती? वासोच्या घरी पानं चार. म्हाताऱ्याच्या घराचं धुराडं तीन हिवाळ्यांपूर्वी पडलं, तेव्हापासून तो जेवायला-झोपायला मुलीकडे, आणि कोंबड्यांसाठी सकाळी परत आपल्या घरी.

फोतिस सातातही होता आणि बारातही. अध्यक्षाने घराघराशी उभं राहून मोजलं असणार, आणि गावात कुणाच्याही डोक्यात आलं नसणार, कारण फोतिसची दोन घरं आहेत हे गावाला इतकं माहीत होतं की ते कुणाला दिसतच नव्हतं.

अठ्ठेचाळीस. स्तामातिया धरून एकोणपन्नास.

तिसऱ्यांदा मोजलं. एकोणपन्नासच.

ती बराच वेळ दिव्याजवळ बसली. सांगितलं नाही तर आपा सहा दिवसांनी आनंदाने विमानात बसेल, चादर झटकेल, दारात बसेल. आणि सतराला संध्याकाळी कारकून वही मिटून म्हणेल, एकोणपन्नास. सांगितलं तर ती उघडी पेटी... पण प्रयोगशाळेतून चुकीचा आकडा पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच तिला येत होतं. ती नकाशा घेऊन वर गेली.

स्तामातियाने ऐकलं. ठिपक्यांवर बोट ठेवून स्वतः मोजलं, ओठ हलवत, तिच्या भाषेत. मग नकाशा उलटा करून ठेवला.

"तू तिथे कधी गेलेली नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"मी तिथे जन्मले. आणि माझ्या गावात एक माणूस कमी आहे हे तू मला सांगतेस. आलेखाच्या कागदावरून."

"आणखी कुणी नाही का, आपा? अथेन्समध्ये, कुठेही? नऊ दिवस आहेत."

स्तामातिया खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर काहीच नव्हतं, नुसता तपकिरी रंग. "एक भाऊ आहे. लेफ्तेरिस. पिरेअसला, बंदरात वेल्डर. वडिलांनी माझ्या जन्माला लावलेला अक्रोड त्याने तोडून फर्निचरवाल्याला विकला, आणि त्या पैशात शहरात गेला. अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललेली नाही. त्याच्यापुढे पाणी मागण्यापेक्षा झरा नळात गेलेला बरा."

"ठीक आहे," नूरुन्निसा म्हणाली. तिचा मुद्दा संपला होता. आकडा दिला होता.

दोन दिवस त्या एकमेकींशी कामापुरत्या बोलल्या. चहा आला, पण दूध नेहमीइतकंच.

*

अकरा तारखेला बाळकृष्ण स्वतः हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात कागद नव्हता, त्यावरूनच नूरुन्निसा समजली.

"परकारबाई, रागावू नका. देश सोडायच्या परवान्यावर कफीलची सही लागते. मालकाची. साहेब लढाई लागली तसे जेद्दाला गेले, ते अजून तिथेच. वीस तारखेनंतर येणार."

"लढाई संपून अकरा दिवस झाले."

"त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही." तो हसला नाही. "मी तीनदा फोन केला. देवाशप्पथ. आपांना तुम्हीच सांगा, मला त्यांच्याकडे बघवणार नाही."

स्तामातियाने तेही ऐकलं. पेटी मिटली, पलंगाखाली सरकवली, आणि एप्रन काढून ठेवला. "खलास," ती म्हणाली. सौदीत आल्यावर सगळ्यात आधी शिकलेला शब्द. मग आरशासमोर उभं राहून केस विंचरले, नीट पिन लावल्या, जणू कुणी बघणार आहे.

"नाणी आहेत?" तिने विचारलं.

हॉस्पिटलच्या दारातल्या फोनवर नूरुन्निसा नाणी टाकत उभी राहिली. पलीकडे घंटी वाजली, बाईचा आवाज आला, मग पुरुषाचा. स्तामातिया एक वाक्य बोलली आणि थांबली. पलीकडून काहीच येईना. नूरुन्निसाने एक नाणं टाकलं, आणखी एक. समुद्राखालून येणारी ती शांतता चांगली लांब होती. मग तो माणूस बोलायला लागला, आधी मोठ्याने, मग हळू. स्तामातिया मध्येच एकदा हसली, ओठ दातांवर ओढून, आणि फोनकडे पाठ फिरवली. नूरुन्निसाला एक शब्द कळत नव्हता. पण भाऊ-बहिणींचं भांडण कुठल्याही भाषेत कुठे वळतं, ते तिला ओळखू आलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, अकरा वर्षांनी फोन केलास तो पाण्यासाठी? मी म्हटलं, हो. म्हणाला, मग येतो. तुझ्यासाठी नाही, पाण्यासाठी."

"एकटे?"

"विचारलं नाही." ती फोनच्या खोक्याकडे बघत राहिली. "एवढं मागितलं, तेच खूप झालं. आणखी एक माणूस मागायला जीभ उचलली नाही."

नूरुन्निसाने मनात बेरीज केली. अठ्ठेचाळीस आणि एक. स्तामातियाने तिच्याकडे बघितलं, आणि तिनेही तीच बेरीज केली आहे हे दोघींना कळलं.

*

सतरा मार्चला रमजान लागला. नूरुन्निसाचा पहिला रोजा, आपाच्या उपवासाचा चौथा आठवडा. सकाळपासून वारा उत्तरेचा होता. दोनच्या सुमाराला इतका अंधार झाला की वॉर्डात दिवे लावले, आणि एका आजारी म्हातारीने विचारलं, मगरिबची अजान झाली का? हिने पाणी पिऊ नये म्हणून नूरुन्निसाला तिच्या उशाशी बसून समजावावं लागलं, की ही संध्याकाळ नाही. हा धूर आहे. सूर्य वर आहे.

संध्याकाळच्या आधी दोघी इस्त्रीच्या खोलीत जाऊन बसल्या. आता तिथे बसायचं काही कारण नव्हतं. पण गाव तिथे होतं.

"आता काय चाललं असेल?" नूरुन्निसाने विचारलं. नकाशा दोघींच्या मध्ये पसरला होता.

"तिकडे एक तास मागे. कारकून खालून चढतोय. वाटेत झऱ्यावर पाणी पितो, सगळे पितात. मग कॉफी. अध्यक्ष दोन कप पाजणार, लवकर उठू देणार नाही." स्तामातियाचं बोट चौकटीचौकटीने चढत होतं. "सगळे दारात बसलेत. चांगले कपडे घालून. सगळी धुराडी चालू. माझ्या घराचं बंद."

तिचं बोट त्या घरावर थांबलं. नूरुन्निसाला ते घर दिसलं. निळं दार, कुलूप, उंबऱ्यात साचलेली गेल्या वर्षीची पानं. त्याच्या मागे आणखी एक दार दिसत होतं. आंबेखोलचं, ओटीवर झोपाळा, आणि कुणी तरी पट्टी ठेवून नीट ओढलेली एक रेघ.

अजान झाली. तिने खजूर तोंडात टाकला, एक आपाला दिला. खजूर दोघींच्याही उपवासाला चालत होता. मग त्या फोनकडे गेल्या.

कॉफीच्या दुकानात फोन कुणी तरी पहिल्याच घंटीला उचलला. इतका गोंगाट होता की तो नूरुन्निसालाही ऐकू आला. स्तामातिया ओरडून काही विचारत होती, पलीकडून दहा जण एकदम उत्तर देत होते. मग तिने हात कपाळाला लावला आणि भिंतीला टेकली. आपाचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे हे मागून कळेना.

"एक्कावन्न," स्तामातिया वळून म्हणाली. डोळे पुसत होती. "लेफ्तेरिस आला. बायकोला घेऊन आला. पन्नास तिथेच झाले."

"मग एक्कावन्नावा?"

"टॅक्सीवाला. बस चुकली म्हणून यांनी खालून टॅक्सी केली. पोचले आणि मागोमाग कारकून. आता त्याची मोजणी संपेपर्यंत कुणी गाव सोडायचं नाही. टॅक्सीवाला ओरडला, मला जाऊ द्या, माझं घर खाली आहे. अध्यक्षाने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि म्हणाला, आज तुझं घर इथे." ती परत हसायला लागली. "तो काम्बोहोरीचा आहे, नूर. नगरपालिकेचा. त्यांचा एक कमी, आमचा एक जास्त."

पलीकडून पुन्हा एक आवाज आला, गोंगाटातून वेगळा, पुरुषाचा. स्तामातियाने फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. एकच शब्द बोलून ठेवला.

"लेफ्तेरिस. तो माझ्या घराचं कुलूप फोडून आत गेला. चूल पेटवली. म्हणाला, एकच धुराडं बंद दिसत होतं, वाईट दिसत होतं."

परत येताना धूर थोडा विरळ झाला होता. रिफायनरीच्या ज्योती त्यातून मऊ दिसत होत्या, लांबच्या घरांतल्या चुलींसारख्या. दोघी इस्त्रीच्या खोलीत आल्या. नूरुन्निसाने पेन्सिल घेतली. घर बाराजवळचा फोतिसचा ठिपका तिने राहू दिला, साताचा खोडला. स्तामातियाच्या निळ्या दाराच्या घरात दोन ठिपके दिले, भाऊ आणि भावजय. कॉफीच्या दुकानाच्या खुर्चीवर एक. मग पेन्सिल तशीच हातात धरून थांबली.

कागदाच्या वरच्या बाजूला, जिथे गावाची हद्द संपून डोंगर सुरू व्हायचा, तिथे तिने आलेखाच्या जाड रेषेवर नेमका एक ठिपका दिला. त्याच्या शेजारी दुसरा.

स्तामातिया वाकून बघत होती. "हे कुणाचं घर?"

"घर नाही. रेषेवर आहेत."

"आम्हाला कुणी मोजलं नाही, पोरी. तुलाही नाही, मलाही नाही."

"वरच्या रेषेवरच्या आत धरायच्या," नूरुन्निसा म्हणाली. "असा नियम आहे."

तिने एप्रनच्या खिशातून प्रयोगशाळेचं मोजणीचं बटण काढलं. आकडा एक्कावन्नावर आणायला वेळ लागला. स्तामातिया प्रत्येक टक्‌बरोबर नावं घेत होती, घर एकपासून, कुणाची घाई नव्हती. टॅक्सीवाल्याचं नाव माहीत नव्हतं, त्याला नुसतंच दाबलं. मग नूरुन्निसाने बटण आपाच्या तळव्यावर ठेवलं. स्तामातियाने स्वतःचं नाव घेऊन ते एकदा दाबलं आणि परत तिच्याकडे दिलं.